संध्याकाळ झाली की वेल्डिंगचा रॉड चिकटतो: नॉब फिरवण्याआधी वायर चाचपा

"मामा, मशीन गेली वाटते. रॉड नुसता चिकटूनच रायला."

भाच्याचं हे वाक्य मी दोन हंगाम ऐकलं. वेल्डिंगचं दुकान आमचं यवतमाळ जिल्ह्यात, फाट्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये. ट्रॉलीचे फाळके, वखराच्या पासा, डवरे, गोठ्याचे अँगल, कधीमधी लग्नाच्या आधी घाईत लागणारं एखादं गेट, असं काम. सकाळी दहाला हाच पोरगा याच मशीनवर सरळ बीड (जोडाची वितळलेली रेघ) ओढायचा. संध्याकाळी सहा-साडेसहाला दहा नंबरचा रॉड टेकवला की चिकटलाच. होल्डर हलवून सोडवायचा, पुन्हा टेकवायचा, पुन्हा चिकटायचा. सोडवताना टोकाचा लेप झडायचा आणि तो रॉड आणखीच बेकार व्हायचा.

मी जे केलं ते बहुतेक दुकानांत करतात. आधी करंट वाढवला. मग रॉडची कंपनी बदलली. मग भाच्याच्या हाताला शिव्या दिल्या. शेवटी जुनी ट्रान्सफॉर्मरवाली मशीन कोपऱ्यात ढकलून नवी इन्व्हर्टरवाली इलेक्ट्रॉनिक मशीन आणली. आठ दिवस बरं वाटलं, कारण त्या आठ दिवसांत नेमकी सगळी कामं सकाळची होती. नवव्या दिवशी संध्याकाळी नव्या मशीननेही तेच केलं, वरून पिवळा दिवा लावून दाखवला.

दोष दोन्ही मशीनचा नव्हता, पोराच्या हाताचाही नव्हता. मीटरपासून शेडपर्यंत आलेल्या वायरचा होता, आणि थोडा अर्थच्या क्लॅम्पचा, म्हणजे जोडायच्या लोखंडाला लावतात त्या परतीच्या वायरच्या चिमट्याचा. मशीनच्या किमतीच्या मानाने किरकोळ खर्चात काम झालं असतं.

चिकटतो म्हणजे काय होतं

रॉड टेकवला की शॉर्ट होतो. त्या क्षणी करंट भरपूर वाहतो, टोक तापून वितळायला लागतं, आणि रॉड दोन-तीन मिलिमीटर उचलला की मधल्या फटीत आर्क, म्हणजे विजेची ज्वाळा, धरतो. तो पेटवायला मशीनकडे मोकळं व्होल्टेज असावं लागतं. रॉड कशालाच टेकलेला नसताना होल्डर आणि अर्थ यांच्यात साधारण ५० ते ८० व्होल्ट असतात. आर्क धरल्यावर मात्र त्याला २० ते ३० व्होल्ट पुरतात. म्हणजे पेटवणं कठीण, चालवणं सोपं, चुलीसारखंच. पेटवण्याच्या वेळी जोर कमी पडला, तर अर्धवट वितळलेलं टोक खालच्या गार लोखंडावर लगेच गोठतं. चिकटलेला रॉड हा नको तिथे बसलेला टाकाच असतो.

जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनचं मोकळं व्होल्टेज लाइनच्या प्रमाणात चालतं. २३० व्होल्टवर ७५ देणारी मशीन लाइन १८० वर आली की ५९ च्या आसपास देते. त्यात ती एसी. आपल्या ५० हर्ट्झच्या लाइनवर करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, दरवेळी आर्क विझल्यासारखा होऊन पुन्हा पेटतो. आपण रोज वापरतो त्या ६०१३ रॉडच्या लेपात पोटॅशियम असतं, ते आर्क पुन्हा धरायला सोपं जावं म्हणून. पण व्होल्टेजच नसेल तर लेप तरी किती सांभाळणार.

इन्व्हर्टरचं वागणं उलटं. बाहेर १०० अँपिअर द्यायचे ठरले की लाइन कमी झाली तरी ती देत राहते, त्यासाठी लाइनमधून जास्त करंट ओढते. जास्त ओढला की बारीक वायरमध्ये व्होल्टेज आणखी पडतं, मग ती आणखी ओढते. एका मर्यादेनंतर हात वर करते. आमचा पिवळा दिवा तोच होता.

आधी सांगा, कधी चिकटतो

कोणी दुकानात येऊन "रॉड चिकटतो गा, काऊन?" असं विचारलं की मी आता मशीनचं नाव विचारत नाही, वेळ विचारतो. फक्त संध्याकाळी, किंवा शिवारातल्या मोटरी सुरू झाल्या की चिकटत असेल, तर लाइन पाहा. दिवसभर ठीक, पण मृगानंतर रोज त्रास, तर रॉडमध्ये ओल आहे. एका ट्रॉलीवर चिकटतो आणि टेबलावर नाही, तर अर्थ आणि रंग-गंज. सुरुवातीला छान चालून अर्ध्या तासाने बिघडतं, तर कुठला तरी जोड तापतोय. एकाच्याच हातात चिकटतो आणि दुसऱ्याच्या हातात नाही, तर मात्र हात. सगळ्यांच्या हातात, सगळ्या वेळी, सगळ्या जॉबवर (जोडायच्या वस्तूवर) चिकटला तरच मशीनकडे वळायचं, तेही नॉब बरोबर जागी आहे का हे पाहून.

बारा नंबरच्या म्हणजे अडीच मिलिमीटरच्या रॉडला ६० ते ९० अँपिअर, दहा नंबरच्या ३.१५ मिलिमीटरला ९० ते १३०, आठ नंबरच्या ४ मिलिमीटरला १४० ते १८०. पुड्यावर आकडा छापलेला असतो, तो या मापांच्या जवळपासच असतो. पुडा फाडून फेकून देऊ नका.

लाइन: मोजा, अंदाज नको

आमच्याकडे मोटर रिवाइंडिंग करणारा एक माणूस मल्टिमीटर घेऊन आला होता, दुसऱ्याच कामाला. त्याला म्हटलं, जरा इथे लावून पाह्य. त्याने संध्याकाळी साडेसहाला मीटरजवळ मोजलं: १८८ व्होल्ट. भाच्याला आर्क चालू ठेवायला सांगितलं: मीटरजवळ १८३. मग शेडमधल्या सॉकेटवर, आर्क चालू असतानाच: १६१.

या आकड्यांत दोन वेगळी दुखणी आहेत. १८८ हे गावच्या डीपीचं (ट्रान्सफॉर्मरचं) दुखणं. त्या वेळी लोड जास्त, डीपी लांब, त्यावर आपला हात चालत नाही. पण १८३ चे १६१ झाले ते आपल्याच भिंतीच्या आत. मीटरपासून शेड ४५ मीटर. वायर घर बांधतानाची, अडीच स्क्वेअर एमएमची ॲल्युमिनियम. जाऊन-येऊन ९० मीटर. अशा वायरचा रोध किलोमीटरला १२ ओहमच्या आसपास, म्हणजे आमच्या ९० मीटरला जवळजवळ १.१ ओहम. दहा नंबर रॉड चालवताना छोटी मशीन लाइनमधून २० अँपिअरच्या आसपास घेते. २० गुणिले १.१, झाले २२ व्होल्ट. हिशेब तंतोतंत जुळला तेव्हा मला नव्या मशीनची पावती आठवली.

तेवढ्याच लांबीला तांब्याची अडीचची वायर असती तर १३ व्होल्ट पडले असते, सहाची असती तर सहा. आम्ही सहाची तांब्याची टाकली. मीटरजवळचे १८३ तसेच राहिले, पण शेडमध्ये १७७ मिळायला लागले. दहा नंबर रॉड संध्याकाळीही धरायला लागला, सकाळसारखा लोण्यासारखा नाही, पण धरायला लागला.

हे मोजताना एक गोष्ट विसरू नका: व्होल्टेज आर्क चालू असतानाच मोजायचं. नुसतं सॉकेटला मीटर लावून "दोनशे दाखवते" म्हणणं म्हणजे बैल बसलेला असताना त्याची ताकद मोजणं. आणि ज्याला चालू लाइनवर मीटर लावायची सवय नाही त्याने वायरमनलाच बोलवावं, इथे हुशारी नको.

एक्स्टेन्शन बोर्ड हा दुसरा चोर. शेतात शेडचं काम असलं की बारीक वायरचं ३०-४० मीटरचं भेंडोळं नेतात आणि त्यातली निम्मी वायर गुंडाळलेलीच ठेवतात. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते, इन्सुलेशन मऊ पडतं. पूर्ण उलगडा. आणि आकड्याबद्दल: तारेवर टाकलेल्या आकड्याला धड पकड नसते, वाऱ्याने हलतो, ठिणग्या पडतात, व्होल्टेज नाचत राहतं. तो गुन्हा आहे, जीवघेणा आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यावर वेल्डिंगही धड होत नाही, हे मात्र कोणी सांगत नाही.

वायर बदलायला पैसे नसतील तोवरचा उपाय सोपा: संध्याकाळी बारा नंबरचा रॉड घ्या. ७५ अँपिअरवर चालतो, लाइनवरचा भार कमी होतो, वायरमध्ये पडणारे व्होल्टही कमी. दोन थर जास्त मारावे लागतात, पण चिकटत नाही. जाड कामाला सकाळची वेळ ठेवा. आमच्या दुकानात आता पाटीच आहे, ट्रॉलीचे काम सकाळी.

अर्थ: निम्मी वायर तीच आहे

होल्डरच्या वायरला सगळे जपतात, अर्थची वायर मात्र चिखलात, लोखंडाच्या ढिगाखाली, ट्रॅक्टरच्या चाकाखाली. करंट जेवढा होल्डरमधून जातो तेवढाच अर्थमधून परत येतो, एक अँपिअरही कमी नाही. क्लॅम्प ढिला असेल तर आर्कला मिळायचे व्होल्ट तिथे खर्च होतात.

साधा हिशेब. १०० अँपिअर वाहताहेत आणि गंजलेल्या लगमध्ये (वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या तुकड्यात) ०.०३ ओहम रोध आहे. तीन व्होल्ट तिथेच गेले, आणि ३०० वॅट उष्णता त्या एवढ्याशा तुकड्यात. म्हणून हाच सगळ्यात स्वस्त तपास: पाच-सहा रॉड सलग जाळा, मशीन बंद करा, आणि हाताची पाठ जवळ नेऊन क्लॅम्प, दोन्ही लग, मशीनचे दोन्ही टर्मिनल, होल्डरची मूठ चाचपा. चटका लगेच बसू शकतो, एकदम दाबू नका. जिथे इतर वायरपेक्षा जास्त गरम, तिथे तुमचा दोष बसलेला आहे. आमच्याकडे क्लॅम्पच्या आतला लग निघाला. वायरचे निम्मे तार तुटलेले, बाहेरून रबर साबूत. रबर साबूत असल्यानेच दोन वर्षं कोणाला दिसलं नाही.

क्लॅम्प रंगावर लावू नका. ट्रॉलीला तीन-चार थर रंग असतो, त्यावर शेणामातीचा एक. ग्राइंडरने रुपयाएवढी जागा चकचकीत करा आणि तिथे लावा. अर्थ म्हणून जुनी सळई जमिनीवर टाकून तिच्यावर जॉब ठेवणं हा प्रकार मीही केलाय. जॉब हलला की संपर्क तुटतो आणि रॉड चिकटतो, मग दोष रॉडला.

आणि रोटावेटरवर काम करताना क्लॅम्प वेल्डच्या जवळ, त्याच भागावर लावा. पातं रोटरच्या शाफ्टवर वेल्ड करताय आणि क्लॅम्प बाहेरच्या फ्रेमवर लावलाय, तर करंट मधल्या बेअरिंगमधून जाणार. बेअरिंगच्या आत बारीक खड्डे पडतात. पंधरा दिवसांनी शेतकरी "बेअरिंग वाजते" म्हणून येतो आणि आपणच दुसऱ्यांदा पैसे घेतो. ट्रॅक्टरला लागलेल्या अवजारावर काम असेल तर बॅटरीची वायर काढून ठेवा, ऑल्टरनेटर वाचतो.

ज्याला आपण अर्थ म्हणतो तो परतीचा रस्ता. मशीनच्या बॉडीचं अर्थिंग ही वेगळी गोष्ट, ती जीव वाचवण्यासाठी. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, अर्थिंगच्या खड्ड्यातली माती सळईला सोडून देते. मार्चपासून त्यात बादलीभर पाणी टाकत राहा.

रॉड: पावसाळ्याचं दुखणं

मृग लागला की सगळं गाव पेरणीच्या घाईत, आणि आमच्याकडे तिफणी, पेरणीयंत्रं, तुटलेली दातं. नेमक्या याच दिवसांत रॉड ओले. पुडा एकदा फोडला की लेप हवेतली ओल ओढतो. ओळखायचं कसं? आर्क धरताना चटचट आवाज येतो, ठिणग्या नेहमीपेक्षा जास्त उडतात, सुरुवातीला वाफ दिसते, लेप जळण्याऐवजी तुकड्याने उडतो, आणि वर गोठलेली खपली काढल्यावर बीडमध्ये सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात. मागच्या उघड्या टोकाला गंज चढला असेल किंवा लेपावर पांढरी बुकी आली असेल तर शंकाच नको.

६०१३ ला १०० ते १२० अंश सेल्सिअसवर तासभर ठेवलं की पुरतं. याहून जास्त भाजू नका. या रॉडच्या लेपात थोडी ओल मुळातच असावी लागते, पार कोरडा केला तर आर्क उलट बिघडतो. चुलीच्या निखाऱ्यावर रॉड शेकणारे मी पाहिलेत. एका बाजूचा लेप करपतो, दुसऱ्या बाजूला ओल तशीच. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, त्यात जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब, हा आमचा जुगाड. कोरडे रॉड कोरडे ठेवायला तो छान, पण भिजलेला रॉड त्याने दुरुस्त होत नाही, तेवढी उष्णता तिथे नसते.

७०१८ चं प्रकरण वेगळं. तो लो-हायड्रोजन रॉड, त्याला ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजावं लागतं आणि वापरेपर्यंत गरम ठेवावं लागतं. डीसीवर होल्डर प्लसला लावायचा. ही सोय नसेल तर तो महागडा रॉड घेऊन पावसाळ्यात उघडा ठेवणं म्हणजे पैशाला पाणी लावणं. ६०१३ मधला ६० म्हणजे जोडाची ताण सोसण्याची ताकद, चौरस इंचाला ६०,००० पौंड. ७०१८ ला ७०,०००. पुढचा १ म्हणजे उभं, आडवं, डोक्यावरचं कुठल्याही स्थितीत चालतो. मोठा आकडा पाहून गेटला ७०१८ मागणारे येतात, गेटला त्याची काही गरज नाही.

कुठे आहे ते सांगतो. आपले शेतकरी ट्रकच्या कमानीच्या पाट्याची वखराची पास करून आणतात. लोखंड चिवट, कार्बन जास्त. ओल्या रॉडमधला हायड्रोजन त्यात शिरतो, आणि वेल्डच्या शेजारी, बीडमध्ये नाही तर शेजारच्या लोखंडात, केसासारखी चीर पडते. त्यात मालक घाईत असतो, "टाक गा पाणी, वखर जुपायचा हाय" म्हणतो. पाणी टाकलं की टणकन आवाज येतो, तो आवाज म्हणजे पास परत येणार. तो पाटा आधी दोनेकशे अंशांपर्यंत शेकायचा, कोरड्या ७०१८ ने जोडायचा आणि राखेत पुरून सावकाश गार होऊ द्यायचा. घाई असेल त्याला मी सरळ सांगतो, उद्या ये.

हात आणि लोखंड

यावर फार लिहीत नाही, हे बघून शिकायचं काम. रॉड काडेपेटीच्या काडीसारखा घासून पेटवावा, ठोकून नाही. आर्कची लांबी रॉडच्या जाडीएवढी. नवशिका चटक्याला भिऊन दूर धरतो, मग आर्क तुटतो. तुटला म्हणून एकदम खाली दाबतो, मग चिकटतो. गंज, रंग, ग्रीस, शेण घासून काढा. गॅल्व्हनाइज्ड पाइप असेल तर झिंकचा थर सांध्यापासून मागेपर्यंत ग्राइंड करा. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो.

चिकटला तर? मनगटाला झटका देऊन वाकवा. नाही सुटला तर होल्डरचा खटका दाबून रॉड सोडा, मशीन बंद करा. हे सगळं काच डोळ्यांसमोर धरूनच. चिकटलेला रॉड सुटताना एकदम आर्क मारतो, आणि "डोळे लागले" म्हणून रात्री बाराला उठून बसणाऱ्यांत या झटक्याचे बळीही असतात. त्रास लगेच होत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. बटाट्याची चकती, बाईच्या दुधाचे थेंब, हे थांबवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

पावसाळ्यात घामाने ओले हातमोजे घालून रॉड बदलू नका. मोकळे ७०-८० व्होल्ट कोरड्या माणसाला बहुतेकदा फारसे जाणवत नाहीत, चिखलात उभ्या ओल्या माणसाला ते मारू शकतात. पायाखाली कोरडी फळी ठेवा.

मशीन, सगळ्यात शेवटी

कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या आसपासच्या किंवा रस्त्यालगतच्या दुकानांत हवेत तंतू असतात. इन्व्हर्टरचा पंखा ते आत ओढतो आणि हीटसिंकवर (आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागावर) गोधडी तयार होते. मशीन तापते, पिवळा दिवा लागतो, थोड्या वेळाने आपोआप चालू होते. पिन काढा, दहा मिनिटं थांबा, आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, मग हवेने झटका. मशीनच्या पाटीवर २०० अँपिअरला ६० टक्के लिहिलं असेल तर दहा मिनिटांत सहा मिनिटं चालवा, चार मिनिटं विश्रांती, असा त्याचा अर्थ. ४४-४५ अंशांच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये त्याहूनही कमी धरा.

एवढं पाहूनही चिकटत असेल तर मेकॅनिककडे न्या, पण नुसतं "चिकटते" सांगू नका. एका कागदावर लिहून न्या: कोणता रॉड, किती नंबर, नॉब कितीवर; मीटरजवळ किती व्होल्ट, आर्क चालू असताना मशीनजवळ किती; मोकळं व्होल्टेज किती; किती वेळाने बिघडते. आमचा भाचा आता हे आकडे दाराच्या मागे खडूने लिहून ठेवतो, आणि "मशीन गेली" म्हणण्याआधी तिथे बघून येतो.